एबन-एजर

भामरागडच्या जंगलातल्या एका माडिया गावात तरुण पास्टर प्रफुल्ल बायबल समजावून सांगत होता. "एबन-एजर हा इब्री शब्द. अर्थ, मदतीचा दगड. देवानं इथवर मदत केली, याची आठवण म्हणून शमुवेलानं तो उभा केला."

म्हातारा सुकलू उठला आणि त्याला गावाबाहेर घेऊन गेला. तिथे मेलेल्या माणसांच्या आठवणीत उभे केलेले दगड होते. सुकलूने एकावर हात ठेवला.

"हा तुमच्या मिशनच्या नर्सबाईचा. हिवतापाच्या साली घरोघरी गोळ्या देत फिरली, अन् त्याच तापानं इथीच गेली."

"पण सुकलूभाऊ, दगड तर तुम्ही फक्त घरच्या माणसाचा उभा करता ना?"

"म्हणूनच तं भांडण झालं. हरेक घर म्हणे, बाई आमच्या घरची."