शेवटच्या रांगेच्या मागे

अस्सल कला अमर असते. आमचं संगीत नाटक मात्र तिसऱ्याच प्रयोगाला वारलं. मूठभर वेडे रसिक तेवढे त्यातलं एक पद अजून गुणगुणतात.

नाट्यगृह पाडणार म्हणून भर दुपारी आम्ही निरोप घ्यायला गेलो. नाटकाची नायिका, म्हणजे माझी बायको, रंगमंचावर चढली. नाटक पडल्यापासून ती गायलीच नव्हती.

"अगं, ऐकायला कुणी नाही."

"तेव्हा तरी कोण होतं?"

मी शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ टेकून बसलो. ती तेच पद गायली, आणि काय गायली!

"वन्स मोअर!"

हाक माझ्या पाठीमागून आली. बायको पांढरीफटक पडली. मी ताडकन उठून वळलो. मागे नुसती भिंत.

बायकोने तेच पद पुन्हा धरलं.

भिंत हळूच म्हणाली, "काका, खाली बसा ना. दिसत नाहीये."