घोट्यावर घोटा

स्केट्सवरची पोरगी बर्फावरून उडाली, आणि रिंकच्या कठड्यापलीकडे बाकावर बसलेला तिचा बाप उठून उभा राहिला. रोजच राहायचा. हातातला कॉफीचा कप तसाच धरून, श्वास रोखून.

हवेत पोरीचा डावा पाय गुडघ्यात दुमडून वर आला आणि वेलीने खांबाला विळखा घालावा तसा उजव्या पायाला बिलगला. एक गिरकी झाली, दुसरी झाली. तिसरी पुरी व्हायच्या आत बर्फ आला. ती गुडघ्यावर आपटली, घसरत कठड्यापर्यंत गेली आणि अंग झटकून उठली. नुसते पायच पाय, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत.

रिंकच्या मध्यावर उभ्या असलेल्या मावशीनेही रोखलेला श्वास सोडला. मावशीच तिची प्रशिक्षक.

"बाई, हिचं बाकी सगळं नेटकं आहे," शेजारी उभे असलेले परीक्षक म्हणाले. ते संघ निवडायला आले होते. "पण तो डावा पाय हवेत टांगून का ठेवते? खुंटी आहे का तिथे?"

"सवय आहे. जाईल."

"आपोआप जाते होय? तुम्ही सांगितलंत का कधी तिला?"

मावशीने स्केटच्या टोकाने बर्फावर एक रेघ ओढली.

"उद्या सकाळी पुन्हा बघतो. पाय असाच राहिला तर मला तिला घेता यायचं नाही. माझ्याही जिवावर येतं, पण नाइलाज आहे."

परीक्षक निघून गेले. मावशीने खरंच कधी सांगितलं नव्हतं. पाय सरळ का हवा, हे तर तिला पाठ होतं. फिरणाऱ्या शरीराचा एखादा भाग अक्षापासून जितका लांब, तितकी गिरकी मंद. दोन गिरक्यांपर्यंत हे खपून जातं, तिसरीला खपत नाही. डावा घोटा उजव्या घोट्यावर टेकवायचा, पाय सरळ, अंगाची पेन्सिल करायची, हे ती बाकीच्या मुलांच्या कानीकपाळी ओरडायची. टिटवीला मात्र एका शब्दाने नाही. पाय असा दुमडून उडणारी तिने आयुष्यात आणखी एकच पाहिली होती. तिची ताई. टिटवीची आई.

ताई गेली तेव्हा टिटवी रांगत होती. जेवताना छळायची, म्हणून बाप ताईच्या स्पर्धांचे व्हिडिओ लावून तिला भरवायचा. घास पोरीच्या तोंडात जातोय की गालावर, याकडे त्याचं लक्ष नसे. पुढे पोरगी बर्फावर आली. पहिली मोठी उडी मारली तेव्हा तिचा डावा पाय तस्सा वर गेला, आणि मावशी आणि दाजी एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले. रक्तातच उतरलंय, असं मावशीने ठरवून टाकलं. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर ती हसली असती. पायाची ठेवण रक्तातून येत नाही, एवढं तिला कळत होतं. पण त्या उडीत, पापणी लवायच्या आत, ताई येऊन जायची. रोज. तेवढ्यासाठी ती गप्प राहिली.

आता ती सरकत कठड्याशी गेली.

"दाजी, तो पाय सरळ करायला हवा."

"इतकी वर्षं चाललंय की."

"तिचं नाही चाललेलं. आपलं चाललंय."

त्याने कपात पाहिलं. कॉफीवर साय धरली होती. "एकदा सरळ केलास, की पुन्हा तसा येणार नाही?"

"नाही."

"मग एकदा, शेवटचं..."

"आत्ता पाहिलंत ना, तेच शेवटचं."

तो बाकावर बसला.  मावशी वळली.

"टिटवे, इकडे ये. डावा पाय वर घ्यायचा नाही. घोट्यावर घोटा. आज जमायचं नाही, सवय मोडायला महिने जातात. तरी सुरुवात करू. उद्याचं उद्या बघू."

टिटवीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "नक्की ना? तूच सांगतेयस?"

"मीच सांगतेय. जा."

पोरीने उलट सरकत लांबलचक वळण घेतलं, खांद्यावरून एकदा मागे पाहिलं आणि उजव्या स्केटचं टोक बर्फात रोवलं. हवेत घोटा घोट्यावर बसला, कडी बसावी तसा. तीन गिरक्या पुऱ्या झाल्या तरी खाली यायला अजून वेळ होता. ती उजव्या पायावर उतरली तेव्हा बर्फाचा जेमतेम आवाज झाला.

मावशी बघत राहिली. ताई कुठेच नव्हती. बाकावरच्या दाजींनी मान वर केलीच नव्हती.

आणि मग तिच्या लक्षात आलं. हे आज शिकलेलं नव्हतं. शेकडो वेळा आपटल्याशिवाय अशी उडी कुणाला येत नाही.

"कधीपासून येतंय तुला हे?"

"झालं की वर्ष. सकाळी तू यायच्या आधी करते."

"अगं, मग आमच्यासमोर का नाही केलंस? रोज गुडघे फोडून घेतेस!"

टिटवी हातमोज्यावरचा बर्फ झटकत राहिली.

"ही माझी उडी आहे, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला दोघांना आईची हवी असते."