गळपट्टी

"पोट भरलं गं," गळपट्टीतून आईचा आवाज आला. मृण्मयीने चमचा खाली ठेवला. आजाराने इंदुमतीबाईंची जीभ आणि घसा लुळा पडल्यापासून मेंदूतले शब्द ही पट्टीच बोलायची, घासही तीच गिळवायची.

"आई, चौथा दिवस आहे. दोनच चमचे?"

"ठसका लागण्यापेक्षा बरं."

इंदुमतीबाईंनी तोंड उघडंच ठेवलं. मग थरथरतं बोट बशीतल्या नाचणीच्या सत्त्वात बुडवून त्यांनी बशीच्या काठावर सावकाश अक्षरं ओढली : हे मी बोलत नाही.

पट्टी हसली, अगदी आईसारखी. "हात कापतो गं माझा. पूस ते."

मृण्मयीने बकलाकडे हात नेला.

"काढू नकोस," आवाज शांतपणे म्हणाला. "कालपासून तिचा श्वासही मीच घेते."