पहिले पाच प्रेक्षक

“विली, जाहिरात बंद कर आणि खेळ!” लितिया माइकवर करवादली. ऑनलाइन गेमची फायनल जिंकली तर त्यांची टीम फिजीतल्या सुवाहून ऑकलंडला जाणार होती, आणि शेजारच्या खोलीतून खेळणारा तिचा नवरा दोन्ही टीमना दिसणाऱ्या चॅटमध्ये सारखा लिहीत होता, ‘माझा गेम लाइव्ह बघा!’ “अगं, एकदाच टाकलं,” तो म्हणाला, आणि लिंक पुन्हा झळकली. त्यानंतर टीम कुठेही लपो, समोरचे पाचही जण नेमके तिथेच टपकायचे. फायनल हातची गेली. हेडफोन आपटून, कमरेला गुंडाळलेला सुलू सावरत लितिया तरातरा त्याच्या खोलीत शिरली. विली हरखून गेला होता. “लिती, आज पहिल्यांदाच माझं लाइव्ह पाच जण बघत होते! एकाने तर कमेंटही टाकलीय!” तिने वाकून पाहिलं. कमेंट समोरच्या टीमच्या कॅप्टनची होती: ‘थँक्यू, भावा. पुढच्या मॅचलाही असंच सगळं दाखवत जा.’