वन्स मोर

"हे गाणं श्यामराव चांदोरकरांसाठी," गुरुदत्त माइकवर म्हणाला. "म्हणजे माझ्या बापासाठी."

कलकत्त्याच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सवाचा मांडव. आत्ताच प्रेमलताबाईंचं नाट्यगीत संपलं होतं आणि लोक चहाच्या विचारात होते. आता हे काय? दाढीवाला पोरगा, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, पायात चपला. चपला घालून गणपतीसमोर! मंडळाचे सेक्रेटरी दत्तोपंत घामाघूम झाले. 'भक्तिगीत म्हणतो' अशी थाप मारून या कार्ट्यानं त्यांच्याकडून स्टेज मिळवलं होतं.

श्यामराव मंडळाचे अध्यक्ष. समोरच बसले होते, मांडीवर मांडी टाकून. हावड्यातल्या एका तागाच्या गिरणीचे ते मॅनेजर, आणि त्या गिरणीला त्यांनीच टाळं ठोकलं होतं. एकाहत्तर साल ते, कलकत्त्यात रोज कुठेतरी काहीतरी बंद पडायचं नाहीतर फुटायचं. बापलेकांचं बोलणंही बंद पडलं होतं. पोरगा घर सोडून डमडमला मित्राच्या खोलीत राहत होता.

पूर्वी हाच गुरुदत्त टाय लावून हॉटेलांत साहेबी गाणी वाजवायचा. मग स्वतःची लिहायला लागला. पोलीस, रेशन, मंत्री, कुणालाच सोडेना. हॉटेलांनी हाकललं, कॉलेजांनी डोक्यावर घेतलं. बंगाली पोरांचा बँड मिळाला. आणि उद्या बापाच्याच गिरणीच्या फाटकावर, उपाशी कामगारांसमोर त्यांचं गाणं होतं. पोस्टरं हावडाभर लागली होती. इतकी मोठी गर्दी त्याला कधी मिळाली नव्हती.

फक्त ड्रम वाजवणाऱ्या बिधानच्या मनात शंका होती. त्याचा सख्खा भाऊ त्याच गिरणीतून घरी बसला होता.

"मॅनेजरचा पोरगा तू," बिधाननं परवा तोंडावर सांगितलं होतं. "आधी तुझ्या लोकांत जाऊन बापाला शिव्या घाल. मला तुमची भाषा कळत नाही. पण माणसाला धक्के मारून काढतात, ते कळतं. तेवढं बघितलं की उद्याचा माइक तुझा. नाहीतर हावड्यात पाऊल टाकू नकोस."

तो बिधान आता मांडवाच्या दाराशी विडी ओढत उभा होता. धक्क्यांची वाट बघत.

गुरुदत्तनं तारा खाजवल्या. स्पीकर मांजरासारखा केकाटला. पुढच्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"गिरणीला लागलं कुलूप,
किल्ली बापाच्या खिशात;
फाटकावर चूल विझला,
बाप बसलाय मोदक खात!"

"विझली रे, विझली!" मागून कुणीतरी ओरडलं. "आधी चूल बाई की बुवा ते ठरव, मग क्रांती कर!"

"उतरवा त्याला खाली!"

"चपला बघा मेल्याच्या!"

गुरुदत्त मनातून नाचत होता. अगदी असंच हवं होतं! त्यानं आवाज चढवला. दुसऱ्या कडव्यात बापाला जळू म्हणाला, तिसऱ्यात गिधाड. मंडळातले दोन दांडगे बँकवाले बाह्या सरसावून स्टेजच्या पायऱ्या चढले. दत्तोपंतांनी प्लगला हात घातला. दारातल्या बिधाननं विडी टाकली आणि मान ताठ केली.

तेवढ्यात श्यामरावांनी मागे वळून दाराकडे, पोस्टरांवरच्या त्या ड्रमवाल्याकडे पाहिलं. उगाच, आळस दिल्यासारखं. मग हात वर केला.

"दत्तोपंत, राहू दे. पुरं होऊ दे त्याचं."

"अहो पण साहेब, तो तुम्हाला..."

"राहू दे म्हटलं ना!"

बँकवाले होते तिथेच थिजले. गाणं संपलं. श्यामराव सावकाश उठले, धोतराचा सोगा नीट केला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "वन्स मोर!"

साहेबांनी वन्स मोर दिला की मंडळानं द्यायचा, ही तिथली सवय. निम्म्या लोकांच्या बदल्या, बढत्या आणि पोरांच्या नोकऱ्या साहेबांच्या ओळखीवर चालायच्या. अख्खा मांडव गरजला, "वन्स मोर! वन्स मोर!"

गुरुदत्त चिडला. त्यानं तेच गाणं दुप्पट विखारानं म्हटलं. पुन्हा वन्स मोर. तिसऱ्या वेळी बायका टाळ्यांचा ठेका धरू लागल्या, प्रेमलताबाईंच्या तबलजीनं न सांगता तबला जुळवला, आणि 'बाप बसलाय मोदक खात' आलं की पोरंटोरं नाचायची. शेवटी मघाचे बँकवाले स्टेजवर आले ते बाह्या सोडून. त्यांनी गुरुदत्तला खांद्यावर उचललं.

"बिधान!" वरून तो बंगालीत ओरडला. "अरे, मी त्याला गिधाड म्हटलं! गिधाड!"

टाळ्यांत एक अक्षर पोचलं नाही. बिधानला दिसत होतं ते एवढंच: मॅनेजर हसतोय, मॅनेजरचे लोक नाचताहेत आणि मॅनेजरचं पोरगं त्यांच्या खांद्यावर बसलंय.

खाली उतरवल्याबरोबर गुरुदत्त दाराकडे धावला. पण श्यामराव शाल घेऊन आडवे आले. वन्स मोर घेणाऱ्याला अध्यक्षांनी शाल घालायची, ही मंडळाची रीत. त्यांनी ती त्याच्या खांद्यांवर टाकली आणि दोन्ही टोकं गळ्यापाशी अशी आवळली की पोरगा जागचा हलेना.

"सोडा मला, बाबा."

दारात आता कुणी नव्हतं.

"सोडतो की," श्यामराव त्याला घट्ट कवटाळत मंडळाच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याकडे वळले. "आधी जरा हस. हा फोटो उद्या सकाळी गिरणीच्या फाटकावर चिकटवायचाय."