कॉलरचं बटण

उद्या मास्तरांच्या मातीच्या पुतळ्याचा साचा काढायचा होता. त्यानंतर बदल अशक्य. समितीने होकार दिला होता, आता मास्तरांच्या पत्नी बघायला आल्या होत्या. मी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या फोटोंत त्यांच्या कॉलरचं बटण लावलेलं, पण तशी घडवलेली मान मला अवघडलेली वाटायची. म्हणून सकाळी कुणालाही न विचारता मी कॉलर उघडी केली होती. आता पस्तावत होतो. बाई पुतळ्याभोवती फिरून कॉलरसमोर थांबल्या. “चुकलं असेल तर सांगा, लगेच बदलतो,” मी म्हणालो. त्या पुतळ्यावरच डाफरल्या, “अहो, पुन्हा उघडीच? दर फोटोआधी बटण मीच लावायचं का?” सवयीने हात पुढे झाला, ओल्या मातीत अंगठा रुतला. “अगबाई! बिघडवलं मी?” “नाही हो,” मी हायसं वाटून हसलो. चौकातल्या ब्राँझच्या कॉलरवर तो ठसा अजून आहे.