तीस-तीस किलो

टोकावड्याच्या प्रणयने घरच्या घरी जिम थाटली होती. आईचे तांदळाचे दोन कडीवाले पत्र्याचे डबे, तीस-तीस किलोंचे, लोखंडी पाइपच्या दोन टोकांना अडकवायचे आणि डोक्यावर उचलायचे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं तसा दहा दिवस व्यायामाला खाडा पडला. त्यात मोदकांवर असा आडवा हात मारला, की शहापूरची वजन उचलण्याची स्पर्धा आठवली तरी तो धास्तावायचा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने देवाचं नाव घेऊन पाइपला हात घातला. पाइप सरसर डोक्यावर गेला. एकदा नाही, बारा वेळा! एरवी चौथ्यालाच त्याची जीभ बाहेर यायची.

प्रणयची कॉलर ताठ. त्याने लगेच स्पर्धेची नावं लिहून घेणाऱ्या हरेशसरांना फोन लावला.

"सर, माझे साठ किलो खोडा, ऐंशी लिवा. आरामाने ताकद वाढलीय!"

"विचार कर रे. एकदा लिहिलं की मग बदलायचं नाय."

"लिवा सर, बिनधास्त!"

फोन ठेवून तो स्वतःच्या दंडाकडे कौतुकाने बघत होता, तेवढ्यात आई सूप घेऊन आली.

 

"झालं का रे तुजं? ठेव ते डबे खाली. दहा दिवस पाव्हणे जेवलेत, बघू दे तळाला किती तांदूळ उरलाय."